खिडकीकडची बाजू कोणी ठोकली?

संपादक महाशय,

तुमच्या मासिकातला हा कॉलम बंद करावा, अशी मागणी करणारी तीन पत्रं मी आजवर पाठवली. तुम्ही एकही छापलं नाहीत. रेल्वेच्या डब्यात दिसलेली पांढऱ्या पातळातली बाई, पिंपळाखाली तंबाखू मागणारा म्हातारा – असला मजकूर छापून तुम्ही शिकलेल्या माणसांनाही घाबरट करून सोडताय, असं मी त्यात लिहिलं होतं. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. भुतं नसतात. तरी हे चौथं पत्र मी याच कॉलमसाठी लिहितो आहे, कारण आमच्या विचार मंडळाचा पहिला नियम असा आहे की जे घडलं ते लपवायचं नाही, मग ते आपल्या सोयीचं असो वा नसो. हा नियम मीच लिहिलेला आहे. आता काय करणार...

ठिकाण – तळेगाव (श्यामजी पंत), जिल्हा वर्धा. आमचं घर, मधली खोली. वेळ – याच उन्हाळ्यातली चैत्री अमावास्या, दुपारी बारा ते साडेतीन. मध्यरात्र नाही, वादळ नाही, कुत्रं रडत नव्हतं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर बैलसुद्धा दिसत नव्हता.

आमच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, आहेत. खाली छत नाही. पूर्वी कापडाचं होतं, ते कुजलं. त्यामुळे वरून माती पडते, चिमण्यांच्या काड्या पडतात, आणि उन्हाळ्यात कधीमधी विंचूही पडतो. आम्हाला सवय आहे. पण माझी मोठी बहीण सुमनताई कारंज्याला दिलेली, आणि तिच्या सासूबाई – त्यांना मी मावशी म्हणतो – फाल्गुनात आमच्याकडे जेवायला बसल्या असताना विंचू नेमका त्यांच्या पानात पडला. वरणाच्या शेजारी. मावशी किंचाळल्या नाहीत, उठल्याही नाहीत. ताट चार बोटं पुढे सरकवून आईला म्हणाल्या,

"इहीनबाई, याले पन वाढा."

आणि हात धुता धुता निकाल दिला – "सुमनले मी या घरात बाळंतपनाले नाई धाडत. लेकराच्या अंगावर असा पाहुना पडला त मी कोनाले इचारू? छत करा. आखाजीले सुमनले घेऊन येतो, वर पाहतो. चांगलं दिसलं त ठेवून जाईन, नाई त त्याच मोटारीनं वापस."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, चैत्री अमावास्येनंतरचा तिसरा दिवस. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर होतं. सुमनताईचं पहिलंच बाळंतपण. मागच्या वर्षी तिच्या जावेचं मूल कारंज्याच्या त्या घरातच, स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत गेलं. आमच्या गावात निदान शिकलेली नर्सबाई आहे. सुमनताईला तिथे बाळंत व्हायचं नव्हतं. पण पोस्टकार्ड घरातले सगळे वाचतात, त्यावर असं लिहिता येत नाही. म्हणून ती फक्त लिहायची – "छत झालं का?" तीन कार्डं आली. तिन्हींवर तेवढंच, आणि खाली नमस्कार.

बाबा हिंगणघाटला नोकरीवर, मी इथल्याच शाळेत मास्तर. म्हणजे जबाबदारी माझी. गावात छताचं काम करणारा माणूस एकच – सदाशिव मिस्त्री. आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

झालं असं की सुतार-गवंडी अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत, या प्रथेविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. वर्षाला बारा दिवस देशाचं काम बंद, आणि कशासाठी, तर आकाशात चंद्र नाही म्हणून. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, पण अवस आली की करवत खाली. पत्रक चांगलं होतं. फक्त त्यात एक वाक्य होतं – "आमच्या गावातील एक मिस्त्री अमावास्येला करवतीची पूजा करतात, परंतु इतर दिवशी तिला धार लावत नाहीत." मी नाव घातलं नव्हतं. पण गावात मिस्त्री एकच आहे, हे छापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो बाजेचा पाय तासत होता. मान वर केली नाही.

"मास्तर, माह्या करवतीले धार नाई. छापून आलं हाय."

"मिस्त्री, ते व्यक्तिशः नव्हतं. प्रथेवर टीका होती."

"मंग प्रथेलेच बलावा न छत कराले."

"सुमनताईचा प्रश्न आहे हो."

तेव्हा त्याचा हात थांबला. सुमनताईला त्याने लहानपणी लाकडी बैल करून दिला होता. म्हणाला, "आज चतुर्दशी. उद्या अवस, अन् मी चाललो आर्वीले भाच्याच्या लग्नाले – पोरीकडचे तुमच्यावानी सुधारक, त्याइनं मुद्दाम अवसच धरली. परवा येतो. तुमी माफी मागा, मी हत्यार काहाडतो."

इथे मी चूक केली. माफी मागितली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, एका मिस्त्रीपुढे नाही, अख्ख्या प्रथेपुढे वाकायला सांगताहेत. मी म्हणालो, "छत मीच करीन. आणि उद्या करीन. अमावास्येलाच."

"करा," तो म्हणाला. "फक्त खाले कोनाले उभं नका ठेवू."

सामान माझ्याकडे होतं. लढाईनंतर मोडलेल्या कुठल्याशा लष्करी छावणीचा लिलाव झाला होता, त्यातला माल आर्वीच्या एका भंगारवाल्याकडे पडून होता. त्यात हे प्लास्टरबोर्ड. दोन्ही बाजूंनी जाड कागद आणि मध्ये दाबून बसवलेलं खडूसारखं पांढरं प्लास्टर. लाकडापेक्षा स्वस्त, कापडापेक्षा टिकाऊ, आणि विंचवाला पाय ठेवायला फट नाही. सहा बोर्ड मी बैलबंडीवर घालून आणले. ते उभे धरून न्यायचे असतात हे मला कोणी सांगितलं नाही. आडवे नेले. दोन दारातच मधोमध मोडले. आई म्हणाली, "पापड वाळू घालाले कामी येतीन." उरले चार. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचणारे, खोलीला बरोबर पुरणारे.

प्रत्येक बोर्डाच्या मागे इंग्रजीत एक चिठ्ठी चिकटवलेली होती – दोन माणसांनी उचलावा, एकट्याने बसवू नये. मला राग आला. साहेबाला पाणी प्यायला दोन माणसं लागायची. आम्हाला का लागावीत?

चतुर्दशीच्या संध्याकाळी मी कवेलूंखालच्या फाट्यांना, म्हणजे आडव्या लाकडांना, सागाच्या पट्ट्या ठोकून ठेवल्या. अमावास्येला जेवण झाल्यावर आई शेजारी कुरड्या घालायला गेली. जाताना म्हणाली, "बबन, पत्रक लिहिन्यासारखं नसते ते बापा. मिस्त्रीले येऊ दे." मंडळाचे इतर तीन सभासद मदतीला येणार होते. त्यातल्या दोघांच्या घरच्यांनी अवसेला बाहेर सोडलं नाही आणि तिसऱ्याने ताप आल्याचं कळवलं. या तिघांची नावं मी मंडळाच्या वहीत तांबड्या शाईने लिहिली आहेत.

समोरच्या ओट्यावर चार-पाच माणसं गंमत बघायला जमली होती. मी दार लावून आतून कडी घातली. खिडकीला गज आहेत. मागच्या दाराला तुरीचं पोतं टेकवलेलं, ते दार उन्हाळाभर उघडतच नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो.

दाराकडच्या बाजूला टेबल ठेवलं, त्यावर चढलो. खिसाभर खिळे, त्यातले सहा-सात तोंडात धरलेले. हातोडी कमरेला खोचलेली. चुरा डोळ्यांत जाऊ नये म्हणून दुपट्टा कपाळावरून असा ओढला की मला माझी बोटं आणि बोर्डाची माझ्याकडची कड तेवढी दिसावी. बोर्डाचं दुसरं टोक खिडकीच्या बाजूला बांबूच्या टेकूवर ठेवलं होतं. माझ्याकडचं टोक डोक्यावर घेऊन मी उभा राहिलो, पट्टीला भिडवलं... आणि टेकू सरकला. बांबू खाली पडल्याचा आवाज आला. सगळं वजन माझ्या मानेवर आलं.

आता माझी स्थिती पाहा. दोन्ही हात बोर्डाला. हातोडी कमरेला, ती काढायला तिसरा हात नाही. तोंडात खिळे, ओरडावं तर गिळायची भीती. बोर्ड सोडावा तर मोडणार, आणि मोडला तर उरले तीन, तीनमध्ये खोली होत नाही, खोली झाली नाही तर सुमनताई आखाजीला त्याच मोटारीने परत. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. घामाने दुपट्टा डोळ्यांना चिकटला.

आणि बोर्ड हलका झाला.

दुसरं टोक कोणीतरी उचललं. धक्का नाही, ओढाताण नाही. गादी झटकताना समोरचा माणूस आपलं टोक उचलतो तसं. बोर्ड पट्टीला जाऊन बसला, माझं टोक दोन बोटं तिरपं होतं तेही त्या बाजूने जरा हलवून पाहिलं गेलं. मी मात्र माझ्या मताप्रमाणे पुन्हा तिरपं केलं. मग मी एक हात सोडला, हातोडी काढली आणि ठोकायला लागलो. त्या बाजूनेही ठोकल्याचा आवाज आला. माझे घाव धडाधड. तिकडचे एका खिळ्याला तीन. टक, टक, टक. थांबायचं. टक, टक, टक.

मी काय समजलो? कोणीही शहाणा माणूस जे समजेल तेच. सदाशिव मिस्त्री लग्नाला गेला नाही, त्याला सुमनताईची दया आली आणि तो आला. मला आनंद झाला नाही. माझा अमावास्येचा प्रयोग त्याने येऊन बिघडवला. पण मग लक्षात आलं – मिस्त्रीने अवसेला हातोडी उचलली, म्हणजे पत्रकाचा विजय झाला. तेव्हा बरं वाटलं.

तोंडातले खिळे संपल्यावर मी बोलायला लागलो. "मिस्त्री, आलात ते चांगलं केलंत." उत्तर नाही. रुसलेला आहे, ठीक. पहिला बोर्ड झाल्यावर मी खाली उतरलो, तर खोलीत कोणी नव्हतं. मागच्या पडवीत माठ असतो, तिकडे गेला असेल, समोर यायचं नसेल. मी टेबल सरकवलं, दुसरा बोर्ड उभा केला, दुपट्टा ओढला, वर चढलो. बोर्ड उचलायला लागलो तर तिकडचं टोक माझ्या आधी वर.

असे चार बोर्ड. त्या सगळ्या वेळात मी बोलत होतो, हे मला लिहिताना बरं वाटत नाही, पण नियम तो नियम. मी त्याला अमावास्या म्हणजे काय ते सांगितलं. पृथ्वी, चंद्र, सावली. मग भुतं का नसतात ते सांगितलं – त्या पत्रकाचे सगळे मुद्दे, क्रमाने. मधे मधे तो "हूं" म्हणायचा. कंटाळलेला माणूस म्हणतो तसा, पण ऐकणारा. शेवटच्या बोर्डाला मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "मिस्त्री, ते करवतीचं वाक्य मी लिहायला नको होतं. कामाबद्दल तुमच्यात खोट नाही. माझी चूक झाली." ठोकणं थांबलं. मग "हूं" आलं – जरा मऊ. मग परत टक, टक, टक.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "बबन, आतून कडी काऊन लावली रे?"

मी उतरलो. कडी काढली. आई आत आली, आणि कडी काढलेला माझा हात तसाच दारावर राहिला. कडी आतून होती. मग मिस्त्री आला कुठून?

मी मागच्या पडवीत गेलो. तुरीचं पोतं जागेवर. माठावर पेला पालथा, कोरडा. खिडकीचे गज मी बाहेरून जाऊन एकेक हलवून पाहिले. आई मधल्या खोलीत छताकडे बघत उभी होती. म्हणाली, "कोन होतं रे मदतीले?"

"मिस्त्री."

"कोठी उभा होता तो?"

घरात टेबल एकच. त्यावर मी होतो. खिडकीच्या बाजूला स्टूल नाही, पेटी नाही, काही नाही. नुसती शेणाने सारवलेली जमीन, त्यावर पडलेला बांबू, आणि वरून पडलेला पांढरा चुरा. चुऱ्यात पाऊल एकही नाही. आईने खाली बसून नीट पाहिलं. मग उठली, हात धुतले आणि देवाला दिवा लावला. मी विरोध केला नाही. फक्त विरोध केला नाही याची नोंद करतो.

दुसऱ्या दिवशी सदाशिव मिस्त्री आर्वीहून आला तो सरळ आमच्याकडेच. आवाज अजून लग्नातला बसलेला.

"मिस्त्री, काल तुम्ही इथे आला होतात."

"कायले येतो? मी वरातीत नाचून राह्यलो होतो. अर्ध्या आर्वीनं पाह्यलं. लाज वाटून राह्यली आज."

तो टेबलावर चढला. माझी दाराकडची बाजू त्याने आधी पाहिली. तिकडचे माझे खिळे वाकडे, कागद फाटलेला, प्रत्येक खिळ्याभोवती हातोडीच्या तोंडाचे गोल गोल ठसे. दोन बोर्डांमध्ये माझ्याकडे बोट जाईल एवढी फट. टेबल सरकवून तो खिडकीकडे गेला. तिथे चारही बोर्ड असे भिडलेले की जोड शोधावा लागतो. खिळे दोरी लावल्यासारखे एका रांगेत. त्याने एका खिळ्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावरून. मग सगळ्यांवरून.

"मास्तर, खिळ्याचं डोकं आत बसलं, पन कागद नाई फाटला. नव्या मालावर पह्यल्याच दिवशी? मले हे जमाले एक साल लागन."

"मग कोणी केलं?"

"मले काय माहीत. तुमी त म्हन्ता कोनी नसतेच." तो उतरला. "तुमची बाजू मी नाई सुधारत. एका छताले दोन मिस्त्री चालते, तीन नाई. ज्यानं ते केलं त्यालेच सांगा."

"त्याची मी माफीसुद्धा मागितली हो. तुमची समजून."

"मंग ते मले नाई पोचली," तो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. मला ती पुन्हा मागावी लागली. या वेळी समोर बघून. पहिल्या वेळेपेक्षा अवघड गेलं.

आता गावात काय पसरलं असेल ते सांगायला नको. मास्तरच्या घरी भुतानं छत ठोकलं. दोन जणांनी आमच्या दारात नारळ ठेवले. मी ते रस्त्यावर फेकले, आईने ते उचलून आणले आणि त्यांची चटणी केली. पण खरी धास्ती वेगळीच होती. मावशींना हे कळलं तर? विंचू पडतो म्हणून सून न पाठवणारी बाई, भूत असलेल्या घरात पाठवील का? आखाजीच्या सकाळी आईने माझा हात धरला. "बबन, एक डाव खोटं बोल. मिस्त्रीनं केलं म्हन. मिस्त्रीबी हो म्हन्ते, मी इचारलं."

मी म्हणालो, बघतो. आयुष्यात पहिल्यांदा मी 'बघतो' म्हणालो.

मोटार साडेदहाला आली. सुमनताई जड झाली होती, पायांना सूज. उंबऱ्यातच तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. मावशी मधल्या खोलीत गेल्या, पाटावर बसल्या नाहीत. डोकं वर करून दारापासून खिडकीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या.

"हे इकडचं कोनं केलं?"

"मी, मावशी."

"दिसते. अन् ते तिकडचं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात. पदर तोंडाला. सुमनताई भिंतीला टेकून उभी, एक हात पोटावर. "मिस्त्रीनं" – एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माहीत नाही."

"म्हंजे?"

मग मी सगळं सांगितलं. टेकू, टोक, टक टक, कडी, चुरा. काही गाळलं नाही. मी बोलत असताना आईने डोळे मिटून घेतले. मावशींनी पुन्हा एकदा खिडकीकडे मान वर केली.

"आमच्या घरी बारा जित्ते मानसं हायेत," त्या म्हणाल्या. "एकालेबी खिळा सरळ नाई ठोकता येत." मग आईकडे वळल्या. "इहीनबाई, सुमनची बाज तिकडं टाका. खिडकीखाली. मास्तरच्या बाजूले नका टाकू, पडन ते."

सुमनताई त्या बाजेवर आडवी झाली, वर बघत राहिली, आणि मावशी मोटारीला निघायच्या आधी तिला झोप लागली होती. आई म्हणाली, दोन महिन्यांत अशी झोपली नसेल ती.

संपादक महाशय, मी सगळे तर्क करून पाहिले. उन्हाने माझं डोकं फिरलं असेल, तर खिळे कोणी ठोकले? मीच भ्रमात दोन्ही बाजू ठोकल्या म्हणाल, तर मिस्त्री म्हणतो की मी भ्रमातसुद्धा सरळ खिळा ठोकू शकणार नाही, आणि यावर त्याच्याशी वाद घालता येत नाही. कोणी लपून आलं म्हणाल, तर ते हवेत उभं राहिलं. भुतं नसतात, हे मी अजूनही म्हणतो. पण खिडकीकडची बाजू आहे.

सुमनताई परवा बाळंत झाली. मुलगी. नर्सबाई म्हणाल्या, दोघी ठणठणीत. ती अजून सव्वा महिना इथे राहील, आणि पाऊस तोंडावर आला आहे. दाराकडचा पहिला बोर्ड काल एका कोपऱ्यातून खाली लोंबायला लागला. तेव्हा ज्यांना या प्रकाराचा उलगडा माहीत आहे असं वाटतं, त्यांनी मला पत्र लिहू नये. ज्यांना बोर्ड बसवता येतो त्यांनी लिहावं. मिस्त्री हात लावत नाही, आणि मी टेबलावर चढून, दुपट्टा ओढून दोन वेळा तासभर बोर्ड डोक्यावर धरून उभा राहिलो – तिकडून कोणी उचलत नाही.